ज्वारीची राखण आणि माझा हात

पहिला छर्रा काळ्या गोलात लागला, पण खाली डावीकडे. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा आणखी खाली, पांढऱ्या कागदात. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मनातल्या मनात स्वतःला अशी शिवी घातली की ती इथे लिहिली तर माहेरची माणसं मला दारात उभी करणार नाहीत. मग चौथा मारला. तोही तिथेच गेला, मेला.

परभणीतला आमचा नेमबाजीचा क्लब म्हणजे बंद पडलेल्या एका जिनिंगचं गोदाम. वर पत्रा, पत्र्याखाली कबुतरं, भिंतींच्या कोपऱ्यांत अजून चिकटून बसलेला जुना कापूस. दहा मीटरवर लाकडी चौकटीत कागदाचं टार्गेट लावायचं, मारून झालं की हाताने चाक फिरवायचं. दोरीवरून कागद सरसरत जवळ येतो आणि आपली अक्कल कुठे लागली ते दाखवतो. मी आमच्या झरी गावाहून स्कूटीवर यायचे. भाकऱ्या उरकून, मुलीला शाळेत सोडून. कॉलेजात असताना एनसीसीत हातात बंदूक आली होती, लग्नानंतर ती सुटली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा सुरू केलं, या वेळी पिस्तूल.

लोक विचारतात, तुला त्यात मिळतं काय? मिळतं असं की फायरिंग लाईनवर उभ्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, असा तिथला नियम आहे. घरी दिवसभर माझ्या नावाने हाका चालू असतात आणि प्रत्येक हाकेमागे एक काम असतं. चहा ठेव, मोटार बंद कर, खताचा हिशोब बघ, डबा कुठाय. तिथे मात्र हात लांब करून उभी राहिले की सगळं जग गप्प. मला हे इतकं आवडायचं की एखाद्या दिवशी जाता आलं नाही तर मी घरात सगळ्यांवर खेकसत फिरायचे. नवरा म्हणायचा, "जा बाई, उद्या जाऊन ये. आमच्यावर नेम धरण्यापरीस ते बरं."

आणि हे सगळं एका पिस्तुलावर अवलंबून होतं. क्लबात हवेवर चालणारी पिस्तुलं दोन. एक जुनं, त्यातून हवा गळायची, एक छर्रा सरळ गेला तर पुढचा रुसायचा. दुसरं परदेशी, चांगलं. क्लबाचा नियम असा की फेब्रुवारीत नांदेडला विभागाची निवड चाचणी होते, तिथे जो ठरलेला स्कोअर काढेल, आणि दोघांनी काढला तर ज्याचा जास्त, त्याच्याकडे वर्षभर ते चांगलं पिस्तूल. मागची दोन वर्षं ते माझ्याकडे होतं. या वर्षी रांगेत कॉलेजातली एक पोरगी होती. हात स्थिर, डोळे मांजरीचे, आणि वय असं की तिला अजून पाठदुखी म्हणजे काय ते माहीत नाही. मी चुकले की पिस्तूल तिच्याकडे जाणार आणि मी त्या गळक्याकडे. गळक्यावर कुणी कधी स्कोअर काढलेला नाही. म्हणजे सरळ अर्थ, माझं तिथलं येणं बंद.

म्हणून डिसेंबरात छर्रे खाली डावीकडे जायला लागले तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला.

आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. बोलायचे कमी. आठवडाभर त्यांनी माझे कागद नुसते बघितले, मग एक दिवस म्हणाले, "ताई, तुमचा हात दचकायलाय."

"माझा?" मी म्हणाले. "सर, घरात विंचू निघाला तर आमचे हे खाटेवर चढतात आणि चप्पल मी घेते. मी कशाला दचकू?"

"तुमी न्हाई. तुमचा हात." त्यांनी पिस्तूल घेतलं, माझ्याकडे पाठ केली, काहीतरी खटखट केलं आणि परत दिलं. "मारा. छर्रा असंल, नसंल, ते मला ठाऊक. तुमी फक्त मारा."

मी हात लांब केला. पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, स्वच्छ, काळा गोल धूसर, सगळं शिकवल्यासारखं. बोट हळूहळू दाबत नेलं. आणि नुसतं टिक् झालं. छर्रा नव्हता, हवाही सोडलेली नव्हती. पण पिस्तुलाने मात्र मान खाली टाकली, डावीकडे. कुणी हाताला खालून ओढावं तशी. मारल्यावर नाही, मारायच्या आधीच. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"बघितलं?" सर म्हणाले.

बघितलं होतं. कान तापले माझे. शेजारच्या लाईनवर ती पोरगी उभी होती, तिनेही बघितलं असणार. आवाज होणार, धक्का बसणार, या भीतीने हात आधीच सावरायला जातो. सर त्याला फ्लिंच म्हणायचे. नवशिक्यांना होतो. मला कामून व्हावा, आणि आताच कामून, हे त्यांनाही सांगता येईना. "कधी कधी येतो," म्हणाले. "पाऊस येतो तसा. मुळापर्यंत गेलं की जातो. मूळ तुमाला सापडलं पायजे."

मूळ शोधायला मी घरी आले.

घरी सगळ्यांना मूळ माहीतच होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "नजर. गेल्या साली तुझा फोटो पेपरात आला, तवाच म्या म्हणलं हुतं." मीठ-मिरच्या-मोहऱ्या घेऊन त्यांनी माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही. आत्याबाई गंभीर झाल्या. "बघ. ठसका न्हाई. लय मोठी नजर हाय." थोरले दीर ओसरीवरून म्हणाले, "नजर कशाची? दिवस वाईट असतेत. माझा बी पत्त्यात हात चालंना झालाय." नवऱ्याने त्या दोघांकडेही बघून मान हलवली. दोन्ही बाजूंनी मान हलवायची त्याची जुनी खोड आहे, झरीत खताचं दुकान चालवायला ती उपयोगी पडते.

वाईट दिवस तर खरेच येत होते. एखाद्या सकाळी सगळं जमायचं, नऊ, दहा, नऊ. वाटायचं, गेला दचका. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली डावीकडे. मी बूट बदलले. चहा सोडला. चहा सोडल्यावर डोकं दुखलं आणि चहा सोडल्याचं पाप उलट घरच्यांच्या माथी गेलं, कारण मी दिवसभर भांडत होते. मग पुन्हा चहा धरला.

आता जी गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही, ती सांगते. माझ्याही आली नाही.

आमची रब्बीची ज्वारी हुरड्यात आली होती. दाणा दुधात आला की पोपटांच्या झुंडी उतरतात, कणसं खुडून टाकतात, खातात थोडं आणि नासतात लय. सकाळी उजाडताना आणि सांजेला. पूर्वी रानातल्या लाकडी माळ्यावर उभं राहून गोफणीने राखायचे. आता सगळीकडे पाईपाची बंदूक झाली आहे. पीव्हीसीचा लांब पाईप, मागच्या बाजूला जाड नळा, त्यात कार्बाईडचा खडा टाकायचा, थोडं पाणी, झाकण लावून हलवायचं. आत गॅस तयार होतो. मागे शेगडी पेटवायच्या लायटरचं बटण बसवलेलं असतं. ते दाबलं की असा धडाका होतो की पलीकडच्या पेडगावच्या शिवारातली पाखरंसुद्धा उठावीत. त्याने लोकांचे डोळे गेलेत, भुवया जळाल्यात, तरी घरोघरी आहे. कारण पोपट ऐकत नाहीत.

आणि आमच्या घरात हा पाईप कुणाच्या हातात द्यायचा? माझ्या. का, तर मी शूटर. दीर सगळ्या गावाला हसून सांगायचे, "आमच्याकडं परभणी जिल्ह्याची नेमबाज राखणीला हाय, आमाला काय घोर?" मलाही त्यात फुशारकी वाटायची, नाही कशाला म्हणू? ज्वारी हुरड्यात आल्यापासून रोज सकाळी-संध्याकाळी मी माळ्यावर उभी राहून पाईप मारत होते. नेम धरायची गरजच नाही त्यात, आकाशाकडे तोंड करायचं आणि बटण दाबायचं. पण त्या पाईपाची एक खोड. बटण दाबलं की कधी लगेच धडाका, कधी नुसतंच टिक्. मग पुन्हा टिक्. पुन्हा टिक्. आणि आता काही होत नाही म्हणून मान वळवावी तर धडाम! टिक् झालं की दर वेळी अंग आकसून घ्यायचं. दुसरं काय करणार माणूस?

एकदा दुपारी मी स्वयंपाकघरात शेगडी पेटवत होते. लायटर टिक् टिक् केला, पेटली. आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "गॅस पेटवताना डोळे कामून मिटायलीस?"

"मी कुठे मिटले?"

"मिटलीस की. खांदा बी वर घेतलास. आता पेटव बरं, म्या बघते."

मी शेगडी बंद केली. लायटर धरला. ठरवलं, डोळे मिटायचे नाहीत. टिक्. मिटले. पुन्हा. टिक्. मिटले. घरातल्या शेगडीला घाबरत होते मी! हसू आलं आणि लगेच विरलं. लायटर तसाच हातात धरून मी पाटावर बसले.

"पाईप," मी म्हणाले. "आत्याबाई, तो पाईप."

त्यांना मी सगळं सांगितलं, पिस्तूल, बोट, टिक्, धडाका. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हाताला वाटायलंय, दाबलं की फुटतंय."

"हो."

"मंग नजर न्हाईच?"

"नाही आत्याबाई."

"मिरच्या फुकट गेल्या," त्या म्हणाल्या.

सरांना सांगितलं तेव्हा ते कधी नव्हे ते मोठ्याने हसले. मग लगेच गंभीर झाले. "आजपासून त्या पाईपाला हात लावायचा न्हाई. एक डाव बी न्हाई. न्हाईतर इथं यायची गरज न्हाई."

घरी सांज व्हायला आली होती. दीर पाईप घेऊन ओसरीवर उभे. "चल, पाखरं उतरायलीत."

"मी नाही मारणार, दादा."

"म्हंजे?"

सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. माझे दीर वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या डोक्यात ज्वारी शिरली की दुसरं काही शिरत नाही. म्हणाले, "वर्षभराची भाकर हाय त्या रानात. कडबा हाय जनावरांचा. आन तू म्हणतीस, कागदावर भोक नीट पडत न्हाई म्हणून राखण बंद?"

"तुम्ही मारा ना मग."

"मला गुडघे हायेत का माळ्यावर चढायला? ह्याला दुकान हाय." नवऱ्याने मान हलवली. त्या दिवशी मला ती मान धरून हलवावीशी वाटली. "गडी लावा," मी म्हणाले. दीर म्हणाले, हुरड्याच्या दिवसांत गडी कुठे मिळतो, सगळ्यांच्याच रानात पाखरं आहेत. मग आवाज चढले. मी म्हणाले, मी या घरात आल्यापासून काही मागितलं नाही. दीर म्हणाले, मागितलं नाहीस पण जातीस रोज परभणीला. मुलगी रडायला लागली. कुत्रं भुंकायला लागलं.

आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी दिरांच्या हातातून पाईप घेतला आणि चप्पल घालायला लागल्या.

"आई, कुठं?"

"राखणीला. म्या बी माळ्यावरच वाढले." सत्तरीच्या पुढच्या आमच्या आत्याबाई, नऊवारीचा काष्टा घट्ट करून पाईप खांद्यावर टाकून निघाल्या. मी मागे धावले. म्हणाले, निदान कानात कापूस घाला. त्या म्हणाल्या, "कापूस घातला तर पाखराचा आवाज कसा येईल गं? डोळ्यांनी तर लांबचं दिसंना मला. कानानंच तर राखते." आणि गेल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

त्यानंतर रोज दुपारी आमचा तिघींचा खेळ सुरू झाला. आत्याबाईंनीच काढला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुलीने माझी काळी टिकली चिकटवली. मी हातात पाण्याने भरलेली लहान बाटली पिस्तुलासारखी धरून टिकलीसमोर उभी. आत्याबाई पाठीमागे लायटर घेऊन. त्यांच्या मनाला येईल तेव्हा माझ्या कानाशी टिक् करायच्या. मुलगी समोरून माझे डोळे बघायची.

"मिटले!" ती ओरडायची. "आई, मिटले!"

"पुन्ना," आत्याबाई म्हणायच्या.

कधी टिक् लगेच, कधी इतका उशीर की हात भरून यायचा, आणि त्या मुद्दाम शेजारणीची काहीतरी चुगली सांगायला लागायच्या, मी ऐकण्यात गुंतले की टिक्! मुलगी टाळ्या वाजवायची. किती वेळा मी चिडून बाटली आपटली! आत्याबाई शांत. "आपट. पुन्ना धर." हळूहळू मुलगी ओरडायची कमी झाली. मग एका दुपारी ती म्हणाली, "आई, आता मजा नाही येत." तेव्हा मला कळलं.

क्लबात सर छर्रा भरून द्यायचे, कधी न भरता द्यायचे. टिक् झालं तरी पिस्तूल जागेवर राहायला लागलं. सगळे दिवस मात्र नाही. नांदेडच्या आठवड्यातच एक असा दिवस आला की काहीच जमेना. मी चिडून मारतच सुटले, एकामागून एक, जणू कागदाने माझं काही खाल्लंय. सरांनी येऊन पिस्तूल काढून घेतलं. "ताई, वाईट दिवशी स्कोअर मागायचा न्हाई. वाईट दिवशी एकच गोष्ट मागायची, जी आपल्या हातात हाय. डोळे उघडे ठेवणं तुमच्या हातात हाय. ते करा, बाकी गेलं खड्ड्यात."

मी तेव्हा मान डोलावली आणि मनात म्हणाले, सांगायला काय जातंय यांचं.

त्या दिवसांत मी घरात फक्त अंगाने होते. आत्याबाईंना काही विचारलं तर त्या कधी कधी उत्तरच देत नव्हत्या. मला वाटलं, राखणीने दमल्या असतील, किंवा माझ्यावर रागावल्या असतील. चाचणी होऊन जाऊ दे, मग पाय दाबून देईन, असं मी ठरवलं आणि पुन्हा हात लांब करून भिंतीसमोर उभी राहिले.

नांदेडला मोठा हॉल, झगझगीत दिवे, रांगेने नेमबाज. ती पोरगी माझ्यापासून दोन लाईन सोडून, हातात चाचणीपुरतं दुसऱ्या क्लबाकडून मागून आणलेलं पिस्तूल. सरांनी कानात घालायला मऊ बोळे दिले. घोषणा झाली, वेळ सुरू.

पहिले छर्रे बरे गेले. मग एक खाली डावीकडे. दुर्बिणीतून बघितलं. पुढचा पुन्हा तिथेच.  पहिली फेरी संपली तेव्हा मनात हिशोब झालेला होता आणि तो वाईट होता. वाटलं, संपलं. आता गळकं पिस्तूल. आता सकाळ-संध्याकाळ हाका. वाटलं, पिस्तूल ठेवावं आणि बाहेर जाऊन रडावं. 

ठेवलंही टेबलावर. पण बाहेर गेले नाही. हात पुसले. स्वतःशी म्हणाले, ठीक आहे बाई, आजचा दिवस वाईट. मग आज दहा नकोत. आज फक्त डोळे.

पिस्तूल उचललं. साईट दिसली. बोट दाबत नेलं आणि मध्येच मला कळलं की बोट थांबलंय, आवाजाची वाट बघतंय. हात खाली घेतला. मारलं नाही. पुन्हा उचललं. पुन्हा वाट. पुन्हा खाली. आजूबाजूला सगळे मारत होते, फट्, फट्, फट्, आणि मी उचलत होते आणि ठेवत होते. वेळ जात होता. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा मनात काहीच नव्हतं, ना काळा गोल, ना नांदेड. पुढची साईट, तिची धार, एवढंच. सुटला छर्रा. आणि मी सुटताना बघितला. पिस्तूल हलकं उचललं गेलेलं, परत जागी बसलेलं, सगळं उघड्या डोळ्यांनी. दुर्बिणीत बघायची इच्छाच झाली नाही.

पुढचा सगळा वेळ तसाच. उचल, दचका वाटला तर खाली. इतरांचं मारून झालं, ते पिस्तुलं उघडून पेटीत ठेवायला लागले. ती पोरगीही संपवून मागे जाऊन बसली. रांगेत मी आणि एक पोक्त गृहस्थ, दोघेच राहिलो. उरलेला वेळ पुकारला गेला. छर्रे अजून बरेच होते. खांदा पेटला होता. घाई कर, असं आतून कुणीतरी ओरडत होतं आणि मी त्याला म्हणत होते, गप. घाई केली तर डोळे मिटतील. शेवटच्या छर्ऱ्यासाठी हात उचलला तेव्हा ते गृहस्थही संपवून उभे होते. सगळा हॉल माझ्या पाठीकडे बघतोय हे मला पाठीला कळत होतं. हात खाली घेतला. कुणीतरी मागे श्वास सोडला. पुन्हा उचलला. सुटला. मग वेळ संपल्याची घोषणा झाली आणि मी पिस्तूल टेबलावर ठेवलं.

कागद मोजून निकाल फळ्यावर लावायला आयोजकांनी जीव खाल्ला. सर जाऊन बघून आले. त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही कळत नाही. म्हणाले, "पिस्तूल पेटीत नीट ठेवा. वर्षभर वापरायचंय तुमाला." त्या पोरीचाही स्कोअर निघाला होता, पण माझा तिच्याहून थोडा वर. ती येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "काकू, तुम्ही हात खाली घेत होता तेव्हा मला इकडे घाम फुटत होता." काकू म्हणाली म्हणून मला राग यायला हवा होता. आला नाही.

झरीला पोचेपर्यंत मला दम नव्हता. घरात शिरले तर आत्याबाई अंगणात, दाराकडे पाठ करून सुपात ज्वारी पाखडत बसलेल्या. राखण संपली होती, काढणी सुरू झाली होती. धुण्याच्या दगडाशेजारी भिंतीला टेकून तो पाईप उभा.

"आत्याबाई!"

त्या पाखडतच राहिल्या.

"आत्याबाई, झालं!"

काही नाही. मी पुढे जाऊन समोर बसले, तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि चेहरा फुलला. "आलीस? काय झालं? मोठ्यानं बोल गं, कानात नुसतं भुंग्यावानी वाजायलंय."

"मिळालं!" मी म्हणाले.

"काय?"

"मिळालं! पिस्तूल मिळालं!" मी ओरडले. गल्लीने ऐकलं. मुलगी धावत आली, नवरा आला, दीर ओसरीवरून उठले. आत्याबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "डोळे मिटले न्हाईस ना?" त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की मी मागे सरले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

मी नाही म्हणून मान हलवली. त्या हसल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

मी उठून दिरांकडे गेले. "कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस," दीर म्हणाले. "वाढतच चाललंय. वय झालं आता आईचं."

"वय?" मी म्हणाले. "वय, दादा?"

नवरा म्हणाला, "तुझी चाचणी होईपर्यंत सांगू नका, असं तिनंच म्हणलं." आणि या वेळी त्याने मान हलवली नाही, खाली घातली.

परभणीला कानाच्या डॉक्टरकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, ते जे काही म्हणाले ते म्हणाले. पण त्या संध्याकाळी मी आत्याबाईंच्या मागे गेले, भिंतीजवळचा पाईप दोन्ही हातांनी उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून धुण्याच्या दगडावर हाणला. फाडकन आवाज झाला, तुकडे उडाले. कोंबड्या ओरडत पळाल्या, मुलगी बापाच्या पायाला बिलगली, दीर दोन पावलं मागे झाले. मीसुद्धा दचकले.

आत्याबाई सुपातले खडे वेचत होत्या.